वेण्यांचे प्रेक्षक

चार महिने शोधाशोध करून तिने हेरलं होतं: शाळकरी मुलींच्या वेण्यांचे व्हिडिओ भरपूर बघितले जातात, करणारे मात्र थोडे. मग रोज सकाळी लेकीची वेणी घालताना ती मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ टाकू लागली. आज केसांच्या तेलाची कंपनी जाहिरात द्यायला तयार झाली; फक्त प्रेक्षकांची आकडेवारी हवी होती. आयाच असतील, असं धरून तिने ती उघडली. शंभरात नव्वद पुरुष निघाले. तिने लेकीला जवळ बोलावलं. “शाळेपाशी कुणी बोलतं का गं तुझ्याशी?” “एक काका. ‘उद्या दोन वेण्या घाल’ म्हणाले,” लेकीने सहज सांगितलं. सगळे व्हिडिओ काढून टाकून ती लेकीला घेऊन पोलीस चौकीकडे निघाली. वाटेत एक अनोळखी माणूस हसला, “वेणीवाली छोटी ना ही?” तिने पोरीला पाठीशी ओढलं. भलाही असेल बिचारा, कळणार कसं?