कोऱ्या टाचा

मुलाच्या बुटांचे चवडे झिजले होते, टाचा मात्र दुकानातल्यासारख्या कोऱ्या. आईने बूट पुराव्यादाखल टेबलावर ठेवले. “स्नायूंचा आजार बरा होणार नाही, ठाऊक आहे. पण आधीचे डॉक्टर म्हणाले, टाचेमागची शीर सैल केली तर टाचा टेकतील. तुम्ही करा ना ऑपरेशन!” हाडांच्या डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून मुलासमोर खाली बसल्या. “राजे, टाचा टेकवून दाखवा बरं.” “आईपण रोज हेच ओरडते.” टाचा खाली येऊ लागताच त्याचे गुडघे दुमडले आणि तो बाईंच्या पसरलेल्या हातांत आला. “मांड्यांत जोर नाही, म्हणून चवड्यांवर तोल सांभाळतो. आत्ता शीर कापून सैल केली, तर चालणंच थांबेल. रोज पोटऱ्या हलक्या हाताने ताणा.” आईने त्याला बूट घातले. दाराशी तो म्हणाला, “आई, टाचा टेकवू?” “नको रे सोन्या. तुझं चालणं तुलाच कळतं.”