ठोंब्याचा पेपर

"एकही नाही," ताई म्हणाली. तिने उत्तरं पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासली. "पूर्ण पेपरात एकही उत्तर बरोबर नाही. उद्या परीक्षा आहे, ठोंब्या."

समोर बसलेला धाकटा भाऊ नखं कुरतडत होता. "फिजिक्स डोक्यात शिरतच नाही ना. ते कप्पीचं गणित परत सांग. आधी तू सोडवून दाखव, घड्याळ लावून. तुझं बघितलं की मला कळतं."

वर्षभर हे असंच चाललं होतं. मागच्या खेपेला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत त्याने चांगलेच दिवे लावले होते. यंदा पुन्हा अर्ज करून गुण वाढवायचे, हे ताईने त्याला न विचारता ठरवून टाकलं. अर्जाचं काम तेवढं त्याने आपणहून अंगावर घेतलं, याचंच तिला केवढं कौतुक. बायॉलॉजी तिला तोंडपाठ होतं, पण फिजिक्सशी तिचंही जुनं वैर. ठोंब्याचं घोडं नेमकं तिथेच अडायचं. मग औषधांच्या दुकानात कामाला जायच्या आधी ती स्वतः धडा घोकायची आणि संध्याकाळी त्याला समजावायची. शिकवता शिकवता तिचेच नाकी नऊ आले.

डॉक्टर खरं तर तिला व्हायचं होतं. त्या वर्षी ती परीक्षेच्या फाटकापर्यंत पोचली होती. तिथेच निरोप आला, बाबा कोसळले. ती आल्या पावली परत फिरली. बाबांची उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. आता घरातलं कुणीतरी त्या फाटकातून आत जावं, एवढा एकच हट्ट उरला होता. यंदा नाही जमलं तर पुन्हा उभं राहायचं बळ आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने गणित सोडवून दाखवलं आणि बाबांना चहा द्यायला आत गेली.

बाबांनी डाव्या हाताने दोर ओढला आणि ते अलगद उठून बसले. पलंगाच्या वर ठोंब्याने दोन कप्प्या बसवल्या होत्या. समोरच्या भिंतीवर त्यानेच काढलेला ताईचा फोटो होता, केस कानांमागे घ्यायला लावून काढलेला. चोर पकडून उभा केल्यासारखा आलाय, असं ती नेहमी म्हणायची.

पण आज ती कप्प्यांकडे बघत राहिली. चहा निवला.

बाहेर येऊन तिने पेपर त्याच्यापुढे आपटला.

"चार पर्यायांतला एक बरोबर असतो. डोळे मिटून खुणा केल्या तरी थोडे गुण मिळतात. सगळीच उत्तरं चुकवायची तर आधी सगळी यावी लागतात."

ठोंब्या पेपरची घडी घालू लागला.

"म्हणजे तुला येतंय. वर्षभर माझी थट्टा केलीस?"

"थट्टा नाही केली, ताई."

"मग डॉक्टर व्हायचं नाहीये का तुला?"

"सुई बघून मी आडवा होतो. तुला माहीत आहे."

"सवय होते त्याची. उद्याही असंच करणार आहेस?"

"उद्याच्या पेपरात चुका होणार नाहीत," तो म्हणाला. "बाबांची शपथ."

तिने पाठ फिरवली, कारण तिला रडू आलं होतं. शपथेवर तिचा काडीचा विश्वास बसला नाही.

सकाळी शेजारच्या काकू बाबांजवळ येऊन बसल्या. ठोंब्या ताईच्या मागे लागला होता. उन्हं आहेत, साधा अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घाल. गर्दीत कानातलं पडेल, काढून ठेव. आणि चपलाच घाल. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून तिने सगळं ऐकलं. निघताना बाबांनी तिचा हात धरला. जड जिभेने म्हणाले, "घाई करू नकोस."

"मला काय सांगताय? त्याला सांगा."

बाबा हसले.

केंद्र नेमकं तेच आलं होतं, जिथून ती त्या वर्षी परत फिरली होती. वाटभर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हा आत जाऊन मुद्दाम चुकवणार का, हे तिथे कुठे लिहिलेलं दिसतंय का, ते शोधत होती. चेहरा मख्ख. फाटक दिसताच तिने नजर वळवली.

तिथे पोचल्यावर तिचं खाली लक्ष गेलं.

"बूट? अरे, आत बूट चालत नाहीत. आणि हे घड्याळ? किती वेळा सांगितलं होतं? काढ आधी ते."

ठोंब्याने काहीच काढलं नाही. पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढून त्याने तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाबांची काळजी करू नकोस. मी आहे."

"मला कशाला देतोस? मी काय करू याचं?"

"परीक्षा देणारे इकडे," फाटकावरची बाई ओरडली. "पालक दोरीच्या पलीकडे."

ताईने पाकिटाकडे पाहिलं. प्लास्टिकआडून, प्रवेशपत्रावरून, पकडलेल्या चोरासारखा एक चेहरा तिच्याकडे बघत होता, केस कानांमागे घेतलेला. तिने मान वर केली, तेव्हा ठोंब्या दोरीपलीकडे पालकांमध्ये जाऊन उभा राहिला होता.