तिसरं पेडल

"लोक क्लच काढून ऑटोमॅटिक घेतात, तुमचं उलटंच!" मेकॅनिक म्हणाला. "पुढची चाकं ओढणारी गाडी आहे. गिअरबॉक्स बदलायचा तर इंजिनासकट सगळं खाली उतरवावं लागेल. त्यापेक्षा विकून टाका ना."

"बाबा विकू देत नाहीत," मी म्हटलं. "अर्धांगवायूनं त्यांचा डावा पाय गेलाय. किल्ली कुठेही लपवली तरी शोधून गाडी बाहेर काढतात. दोनदा भिंतीवर घातलीय. क्लच बसला की डाव्या पायाशिवाय गाडी हलणारच नाही, प्रश्नच मिटला."

आठवड्यानं गाडी दारात आली. बाबा काठीच्या आधारानं जाऊन आत बसले आणि खाली बघतच राहिले. मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्यांनी नव्या पेडलवर ठेवला.

"डॉक्टरांनीसुद्धा हात टेकले रे," त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुला मात्र खात्री आहे, हा पाय चालणार!"