बिनआवाजाची गाडी

कांचनच्या सासऱ्यांची जुनी हॅचबॅक टाउनशिपमधल्या क्वार्टरसमोर खडखडत थांबली की तान्ही छकुली दचकून उठायची. "बाबा, आत्ताच निजली होती हो!" म्हणत कांचन रडकुंडीला यायची. शेवटी बाबांनी जवाहर चौकातल्या गॅरेजमध्ये गाडी नेऊन नव्या मॉडेलचं इंजिनच बसवून घेतलं.

एका दुपारी कांचन फोनवर आईला सांगत होती, "गाडीची खडखड गेली गं, पण सासऱ्यांची? दिवसभर चालूच! बाहेर गेले की तेवढंच सुख." वळली, तर दारात बाबा, हातात बिट्टन मार्केटची भाजी. गाडी कधी आली, कळलंच नव्हतं. "छकुली निजलीय ना?" हळूच विचारून ते आत गेले.



दुसऱ्या दिवसापासून बाबा कोपऱ्यावरूनच हॉर्न देऊ लागले. छकुली उठणार नाही, पण कांचनला ऐकू येईल, एवढाच.