पाय काढ

आलेखाची रेषा वळणापाशी सरळ शून्यावर उतरली होती. मुलीचे तेरावे उरकताच तिच्या नव्या स्पोर्ट्स कारमधली ही नोंद तपासायला अभियंता रेगे स्वतः आले होते.

"ब्रेक गेले होते का हो, सर?" सहकाऱ्याने चाचरत विचारले.

"नाही. ही रेषा अ‍ॅक्सिलरेटरची; तिनं त्यावरचा पाय काढला. इंजिन चालकाच्या पाठीमागे असलं, की अशा वेळी गाडी गरकन फिरते."

"मग भर वळणात पाय काढायला तिला शिकवलं कोणी?"

इंजिन पुढे असलेली घरची जुनी गाडी रेग्यांना आठवली. शिकवताना शेजारी बसून ते दर वळणाला बजावत, "घाबरलीस, की पाय काढायचा, बाळा."

त्यांनी आलेख पुन्हा पाहिला. तिने क्षणाचाही उशीर केला नव्हता.