मॅमथवाल्यांचा पाहुणचार

आमच्या एर्चिमला याकुत्स्कला गेल्यापासून शिंगं फुटली आहेत. गवत कापायला घरी यायचं नाव नाही, आणि काल आला तो शास्त्रज्ञांची फौज घेऊन. हजारो वर्षांपूर्वी मेलेला केसाळ मॅमथ हे लोक पुन्हा जन्माला घालणार आहेत म्हणे! "आई, नामशेष झालेली जात परत आणणं म्हणजे खायचं काम नाही," असं मलाच ऐकवत होता.

लांबून आलेल्या पाहुण्याला ताजं मांस वाढल्याशिवाय आमच्यात कुणी निरोप देत नाही. मी कुरणावरून परतले तेव्हा साहेबमंडळी बोटं चाटत बसली होती. गोठ्यात डोकावले, तर वळू जागेवर नव्हता. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तगणाऱ्या आमच्या याकुती गुरांचा, साऱ्या पंचक्रोशीत उरलेला तो एकच अस्सल वळू होता.

"अगं, बैलच तर होता. दुसरा आणू की!" एर्चिम तोंड पुसत म्हणाला.



मी म्हणाले, "लेका, याची हाडं तेवढी बर्फात नीट पुरून ठेव. हजार वर्षांनी तुझ्यासारखाच कुणी शहाणा येईल उकरायला."