दोनशे वीस अंश

फुप्फुसांची डॉक्टर असलेल्या ऋताने हॉस्पिटलमधून आणलेलं एका पेशंटचं व्हेप, म्हणजे ई-सिगारेटचं यंत्र, नवऱ्यासमोर ठेवलं.

"अनीश, तुझ्याच कंपनीचं आहे. बावीस वर्षांची मुलगी व्हेंटिलेटरवर आहे. तिची आई विचारतेय, हे जास्त तापलं होतं का?"

अनीशने ते लॅपटॉपला जोडलं. त्यातलं टेम्परेचर कंट्रोल त्यानेच लिहिलं होतं. आतली, ओढायचा द्रव भरायची धातूची वाटी इंडक्शनने तापायची, पण सेन्सर तिला टेकत नव्हता. स्क्रीनवर दोनशे वीस दिसत असताना वाटी साडेतीनशेला पोचते, हे त्याने टेस्टिंगमध्ये पाहिलं होतं. मॅनेजरला एकदा सांगितलंही होतं. मग कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकवली आणि तो गप्प बसला.

"काय दिसतंय?"

"दोनशे वीस. लिमिटच्या आत."

"नक्की?"

"रेकॉर्ड तेच सांगतंय."

ऋताने तिथूनच मुलीच्या आईला फोन लावला. "डिव्हाइस ठीक होतं. तिने त्यात भलतंच काही भरलं असेल."

फोन स्पीकरवर होता.

"बेशुद्ध होईपर्यंत ती 'दुसरं काही भरलं नाही' असंच म्हणत होती," आई म्हणाली. "म्हणजे शेवटचं बोलली, तेही माझ्याशी खोटंच."